'इजा बिजा तिजा' मधली इजा आणि हाताला झालेली इजा, एकच शब्द आहे का?

निगडीकर

आमच्या ऑफिसात एक वाद चालूय, म्हणलं इथे टाकून बघू, इथे शब्दांचे किडे भरपूर आहेत. झालं असं की टीममधला एकजण बाईकवरून घसरला, मग लगेच दुसरीचा जिन्यात पाय मुरगळला, तर आमचे अ‍ॅडमिनचे काका एकदम शांतपणे म्हणाले "इजा झाली, बिजा झाली, आता तिजा कोणाची ते बघा". आम्ही हसलो, पण एक सहकारी आहे इंदूरचा, घरी मराठी पण शाळा सगळी हिंदीत, त्याने विचारलं की इजा म्हणजे इंज्युरी हे कळलं, पण बिजा म्हणजे काय, दुसऱ्या प्रकारची इंज्युरी असते का? आणि कोणाकडेच उत्तर नाही! सगळे लहानपणापासून बोलतोय पण विचार कोणी केला नव्हता.

मला आधी वाटलं की सोपंय, पहिली दुखापत म्हणजे इजा आणि पुढचं आपलं यमक. पण मग परीक्षेत दोनदा नापास झालेल्यालाही म्हणतात की इजा बिजा झालं आता तिजा नको, तिथे कुठे कोणाला लागलंय? गावाकडे एका घरात पाठोपाठ दोन मयती झाल्या की म्हातारी माणसं हेच म्हणतात, आणि तिसरं काही होऊ नये म्हणून आमच्याकडे मुद्दाम मडकं फोडायचे, म्हणजे तिजा मडक्यावर गेली. मडक्याला इजा म्हणायचं का मग?

तर प्रश्न असे, एक म्हणजे हे दोन शब्द एक की वेगळे, दुसरं म्हणजे इजा हा शब्द मुळात आला कुठून, आणि तिसरं म्हणजे मी विचार करत होतो की मी स्वतः आयुष्यात कधी "मला इजा झाली" असं बोललोय का, तर नाही. पेपरात वाचतो, पाट्यांवर वाचतो, बोलताना "लागलं" म्हणतो. मग दुखापत, इजा, जखम यात फरक नेमका काय? गुगल केलं तर सगळीकडे एकाच शब्दाचे तेच चार अर्थ उलटसुलट लिहिलेत.

चहाबाज

एकच आहे हो, यात एवढं काय. आपण चहाबिहा म्हणतो, पाणीबिणी म्हणतो, लग्नबिग्न म्हणतो, तसं इजाबिजा. "पडलास ना, कुठे इजाबिजा नाही ना झाली?" असं माझी आजी विचारायची. बि लावून शब्द डबल करायची आपली सवय आहे, मराठी माणसाला एक शब्द पुरत नाही. मग त्याला पुढे कोणीतरी तिजा जोडला, झालं. प्रश्न सुटला, काकांना सांगा चहा पाजा.

जुनीवही

चहाबाज, आजीचं "इजाबिजा" शंभर टक्के खरं, ते चहाबिहाच्याच जातीचं आहे. पण निगडीकरांचे काका जे म्हणतायत ते वेगळं आहे, ते मोजणं आहे. आधी दोन्ही वेगळे करून सांगतो मग भांडू.

लागल्याची जी इजा आहे ती अरबी. अरबीत अज़ा म्हणजे त्रास, उपद्रव, आणि त्यावरून ईज़ा म्हणजे दुसऱ्याला त्रास देणं. तो फारशीत गेला, फारशी आपल्याकडे बहमनी आणि पुढे आदिलशाही निजामशाहीच्या काळात कारभाराची भाषा होती, तिथून मराठीत. जखम तशीच आली, ती फारशी. उर्दूत ईज़ा आजही आहे आणि त्याचा भाऊबंद अज़ीयत, म्हणजे यातना. पण गंमत बघा, उर्दूत ईज़ा म्हणजे छळ, मनाचा पण आणि शरीराचा पण, एखाद्याला टोचून बोलणं हीसुद्धा ईज़ा देणं होतं. मराठीत आल्यावर तो आकसला आणि शरीरापुरता राहिला. आपण "तुझ्या बोलण्याने मला इजा झाली" असं म्हणत नाही, मन दुखावलं म्हणतो. आणि इंदूरच्या मित्राला हा शब्द हिंदी शाळेत का भेटला नाही तेही यातच आलं, रोजच्या हिंदीत चोट आहे, ईज़ा तिथे पुस्तकी उर्दूत राहिली. आपल्याकडे मात्र तो शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत सगळे लिहितात आणि कोणाला तो परका वाटत नाही, इतका की लोक त्याला संस्कृत समजतात.

आता दुसरी इजा. बिजा म्हणजे दुसरी आणि तिजा म्हणजे तिसरी, एवढंच. भाऊबीज कशाला म्हणतो आपण? द्वितीयेला असते म्हणून. तुकाराम बीज, फाल्गुन वद्य द्वितीया. तीज म्हणजे तृतीया, खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात त्यातही ती तीजच लपली आहे. गुजरातीत तर आजही दुसरा म्हणजे बीजो आणि तिसरा म्हणजे त्रीजो, मुंबईत राहणाऱ्यांनी रोज ऐकलं असेल. संस्कृतातल्या द्वि ची दोन पिल्लं झाली, काही भाषांनी द ठेवला म्हणून हिंदीत दूजा आणि आपलं दुसरा, काहींनी ब ठेवला म्हणून बीज. मराठीत मुख्य गाडी द वरून गेली पण ब पूर्ण गेला नाही, पाढा म्हणताना आपण दोन एके दोन म्हणत नाही, बे एके बे म्हणतो. बारा, बावीस, बेचाळीस, सगळीकडे तोच ब.

आणि सगळ्यात भारी पुरावा म्हणजे बिजवर. जुन्या लोकांना माहिती असेल, बायको वारल्यावर दुसऱ्यांदा लग्नाला उभा राहिलेला नवरदेव तो बिजवर आणि तिसऱ्यांदा बोहल्यावर चढलेला तो तिजवर. "मुलगी बिजवराला दिली" हे वाक्य आमच्या घरातल्या जुन्या गप्पांमध्ये इतक्यांदा ऐकलंय, त्या काळी सोळा वर्षाच्या पोरी चाळिशीच्या बिजवरांना द्यायचे, जाऊदे तो वेगळा विषय आहे. तर बिजा तिजा म्हणजे दुसरी वेळ, तिसरी वेळ. त्यात लागण्याचा काही संबंध नाही, म्हणून नापास होण्यालाही चालतं आणि मयतीलाही चालतं आणि मडक्यालाही.

डोंगरभटक्या

थोडं अवांतर. उत्तराखंडात कुमाऊंमध्ये ट्रेकला गेलो होतो, अल्मोड्याच्या पुढे एका होमस्टेला, तिथली पोरगी सारखी "ईजा, ईजा" ओरडत पळत होती, मी फर्स्ट एड बॉक्स काढून तयार! तर कुमाऊंनीत ईजा म्हणजे आई. आणि ते लोक दचकले किंवा ठेच लागली की "ओ ईजा!" म्हणतात, आपण "आई गं" म्हणतो तसं. म्हणजे ईजा झाली की ईजा आठवते. बाकी चालू द्या.

चहाबाज

जुनीवही, बिजवर पटलं, मान्य. पण मग "इजा" म्हणजे पहिली कशी? बीज द्वितीयेवरून, तीज तृतीयेवरून, मग पहिली तर प्रतिपदा, पाडवा. इज कुठून आली? एकवरून यायला हवी तर एका-बिजा-तिजा असायला पाहिजे होतं. म्हणजे पहिली इजा ती लागल्याचीच इजा घेतलीय आणि तिच्यावर यमक जुळतंय बघून बिजा तिजा चिकटवले, असं का नसेल? तुमच्याकडे इजवर असा शब्द आहे का? नाही ना?

जुनीवही

इजवर नाही, बरोबर. पहिल्यांदा लग्न करणाऱ्याला प्रथमवर म्हणायचे. आणि इजा ही सुटी कधीच येत नाही हाच माझा मुद्दा आहे. "ही माझी इजा वेळ आहे" असं कोणी बोलत नाही. ती फक्त बिजाच्या पुढे उभी असते, तिला एकटीला अर्थ नाही.

आता असे शब्द आठवा, आजूबाजू. बाजू कळते, आजू म्हणजे काय? काही नाही. अदलाबदल. बदल अरबी आहे, अदला स्वतःच्या पायावर उभा नाही. आसपास, पास म्हणजे जवळ, आस म्हणजे इथे काहीच नाही. आमनेसामने, तेच. अवतीभवती, भवती म्हणजे भोवती, अवती नुसती सोबतीला. सगळ्यांत युक्ती एकच, खऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन काढून टाकायचं आणि उरलेला स्वर पुढे उभा करायचा. बाजूचा ब काढला की आजू. बदलचा ब काढला की अदल. बिजाचा ब काढा, काय राहतं? इजा. माझं म्हणणं हे की आधी बिजा-तिजा होते, आणि मोजायला पहिलं काहीतरी हवं म्हणून बिजातूनच इजा कापून काढली. चहाबिहात खरा शब्द पुढे आणि पोकळ शब्द मागे असतो, आजूबाजूत उलटं, पोकळ पुढे आणि खरा मागे. इजाबिजा हे दोन्ही साच्यांत बसतं म्हणून तर तुम्ही आणि मी भांडतोय.

आणि तुमची थिअरी घेतली तर तिजाचं काय करणार? चहाबिहातिहा असं कोणी म्हणतं का? यमकाला तिसरा शब्द लागला तर तो नेमका ति वरूनच का यावा, मिजा, किजा, फिजा काहीही आलं असतं.

चहाबाज

हम्म. चहाबिहातिहा ला हसलो. पण एक ठेवतो, ऐकणाऱ्याच्या कानात आता दोन्ही मिसळलेत हे तरी मान्य करा. ज चा उच्चारही आम्ही तरी दोन्हीकडे सारखाच करतो, मजा मधला ज. आणि "इजा झाली बिजा झाली" हे लोक नापास होण्यापेक्षा अपघाताला जास्त वापरतात. कोणाला दोनदा लॉटरी लागली तर कोणी म्हणत नाही इजा बिजा झाली आता तिजा येईल. वाईटाचीच मोजणी आहे ती. हा वाईट वास त्या अरबी इजेचाच लागलाय.

जुनीवही

हे मात्र जोरदार आहे. उगम वेगळा पण वापरात एकीची सावली दुसरीवर पडली, हे मी पण म्हणेन. त्यात आपल्याकडे तीन आकड्याचंच वाईट, तीन तिघाडा काम बिघाडा. चांगल्या कामाला तिघांनी जायचं नाही, ताटात तीन पोळ्या वाढायच्या नाहीत.

कोर्टकचेरी

निगडीकर तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यांनी सोडून दिला म्हणून लिहितो. माझं रोजचं काम तालुका कोर्टातलं आहे, त्यामुळे या शब्दांतला फरक आमच्यासाठी हौसेचा नाही, त्यावर शिक्षा किती ते ठरतं.

कायद्याच्या मराठीत तीन शब्द वेगळे ठेवलेत. दुखापत, जबर दुखापत आणि क्षती. दुखापत म्हणजे फक्त शरीराची, आणि तिची व्याख्या लोकांना वाटते त्यापेक्षा मोठी आहे, शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता यातलं काहीही घडवलं तर दुखापत. म्हणजे रक्त यायलाच पाहिजे असं नाही, कानाखाली मारली, वेदना झाली, दुखापत झाली. मुद्दाम रोग लावला तरी दुखापत. क्षती मात्र सगळ्यात रुंद, शरीर, मन, लौकिक, मालमत्ता, यातल्या कशालाही बेकायदेशीरपणे पोहोचवलेला अपाय. म्हणजे बदनामी ही क्षती आहे पण दुखापत नाही. आणि दुसऱ्याच्या मालाची मुद्दाम नासधूस केली तर त्या गुन्ह्याला कायद्याच्या मराठीत आगळीक म्हणतात, पेपरवाले सीमेवर गोळीबार झाला की शेजाऱ्याची आगळीक लिहितात ती, पण कोर्टात शेजाऱ्याने तुमच्या गाडीची काच फोडली की ती पण आगळीकच.

आता जबर दुखापत. १८६० च्या दंड संहितेत कलम ३२० मध्ये तिचे आठ प्रकार मोजून दिलेत, कायमची एका डोळ्याची दृष्टी जाणं, एका कानाचं ऐकू येणं बंद होणं, एखादा अवयव किंवा सांधा जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं वगैरे. आणि शेवटचा प्रकार म्हणजे जिवाला धोका झाला किंवा वीस दिवस माणूस असह्य वेदनेत राहिला किंवा त्याला त्याचं नेहमीचं काम करता आलं नाही. यात सामान्य माणूस फसतो तो असा, अंगभर रक्त, शर्ट लाल, दहा टाके, पण हाड शाबूत आणि आठवड्यात कामावर, तर ती साधी दुखापत. आणि भांडणात ठोसा बसून एक दात पडला, बाकी काही नाही, ती जबर दुखापत. फिर्यादी माझ्याकडे रक्ताचे फोटो घेऊन येतात आणि मी विचारतो दात मोजले का.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात दुखापत कलम ११४ आणि जबर दुखापत कलम ११६ मध्ये गेली, व्याख्या जवळपास तीच पण वीस दिवसांचे पंधरा केलेत. शिक्षेत फरक केवढा बघा, हत्यार नसताना इच्छापूर्वक साधी दुखापत केली तर एक वर्षापर्यंत, जबर केली तर सात वर्षापर्यंत. जुना ३२३ आता ११५ (२) झालाय आणि ३२५ झालाय ११७ (२), पण चावडीवर लोक अजून "त्याच्यावर तीनशे तेवीस टाका" असंच बोलतात आणि अजून बरीच वर्षं बोलतील.

इजा हा शब्द या सगळ्यात कुठे? व्याख्या दुखापतीच्या आणि क्षतीच्या नावाने आहेत, इजा बोलीभाषेतून जबाबात येते. "सदर इसमाने लाकडी दांडक्याने मारून माझ्या उजव्या हाताला इजा केली." हे वाक्य फिर्यादी कधी बोलत नाही, तो म्हणतो "दांडक्यानं हाणलं ओ साहेब", लिहून घेणारा त्याची इजा करतो.

निगडीकर

दात मोजले का 😂 हे ऑफिसात सांगतो.

म्हणजे इजा ही लिहिताना होते, बोलताना लागतं, असं धरू का?

हळदवाला

थांबा थांबा, असं धरू नका. आमच्या शेतीत इजा रोज बोलतात, माणसाची नाही तर पिकाची. मी सांगली भागातला, हळद लावतो. हळद काढताना कुदळ कंदात घुसली की आम्ही म्हणतो "गड्ड्याला इजा झाली". हे पुस्तकी नाही, मजूर बाया पण असंच बोलतात. इजा झालेला गड्डा बियाण्याला चालत नाही, साठवला की तिथून कूज सुरू होते आणि शेजारच्या चांगल्याला पण घेऊन जाते, म्हणून काढतानाच तो वेगळा करायचा. कांद्याचं तेच, काढणीत विळ्याचं टोक लागलेला कांदा साठवणीच्या चाळीत टाकायचा नाही, आधी विकून मोकळं व्हायचं.

कृषी खात्याचं कुठलंही पत्रक काढा, कोळपणी करताना मुळांना इजा होणार नाही याची काळजी घ्या, हे वाक्य असणारच. तिथे दुखापत लिहून बघा, मुळांना दुखापत, हसतील लोक. दुखापत व्हायला दुखावं लागतं, मुळाला दुखत नाही. जखम पण आमच्यात येते पण ती वेगळी, झाडाच्या सालीला मोठी चीर पडली किंवा छाटणी केली की ती जखम, तिला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावायची. जखम म्हणजे उघडं पडलेलं. इजा उघडी असेल नाहीतर आतली असेल.

कोकणात माझे पाहुणे आहेत हापूसवाले, ते आंबा झेल्याने काढतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला म्हणून काढलाय त्याला पातं आणि जाळी असते, देठासकट आंबा जाळीत पडतो. देठ ठेवायचा कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. आणि काठीने पाडलेला आंबा बाहेरून फक्कड दिसतो पण पिकताना आपटलेल्या जागी काळा पडून सडतो, पाहुणे त्याला "आतून इजा" म्हणतात. माणसासारखंच.

रात्रपाळी

"आतून इजा" ला आमच्याकडे मुका मार म्हणतात, आणि माझ्या मते मराठीतला या विषयातला सगळ्यात भारी शब्द तोच आहे, अरबी फारशी सगळं बाजूला ठेवा. मी सरकारी हॉस्पिटलला कॅज्युअल्टीत नर्स आहे, नाइट जास्त असते. मार लागलाय पण तो काही बोलत नाही, तोंड नाही त्याला, जखमेला तोंड असतं. म्हणून मुका. डॉक्टर इंग्लिशमध्ये काय लिहितात ते लिहूदेत, नातेवाईकाला समजवायचं तर हाच शब्द.

निगडीकर तुम्ही विचारलं ना की बोलताना काय म्हणतात, तर ऐका, आमच्या टेबलसमोर उभा राहून "पेशंटला इजा झाली आहे" असं आजपर्यंत एकही माणूस म्हणाला नाही. पोरगं पडलं तर "लागलंय", गुडघा सोलला तर "खरचटलंय", डोकं फुटलं तर "खोक पडलीय", नुसतं वर आलं तर "टेंगूळ आलंय", दारात बोट सापडलं तर "चेचलंय", विळीवर असेल तर "कापलंय", पाय वाकडा पडला तर "मुरगळलाय", कमरेत असेल तर "लचक भरलीय". प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे आणि ते ऐकून मला अर्धं निदान होतं, खोक म्हणाले की टाक्यांचं सामान काढून ठेवते, मुरगळलाय म्हणाले की एक्सरेचा कागद. इजा म्हणालं तर मला काहीच कळणार नाही, परत विचारावं लागेल की बाबा काय झालंय. त्यामुळे मला तर वाटतं इजा हा मोठ्या डब्यासारखा शब्द आहे, आत काय आहे ते न सांगता झाकण लावायला बरा, म्हणून पेपरला आणि पाटीला आवडतो.

आणि दुखापत आता क्रिकेटवाल्यांची झालीय. दुखापतग्रस्त म्हणलं की खेळाडूच डोळ्यासमोर येतो, कोणी इजाग्रस्त लिहिलेलं नाही बघितलं. कोर्टकचेरी दादांच्या केसचे कागद पण आमच्याकडूनच जातात, एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून नोंद होते, त्यात साधी की गंभीर हे डॉक्टरला लिहावं लागतं, आणि तिथे नातेवाईकांचं जे चालू होतं की मॅडम गंभीर लिहा ना, त्यावर एक वेगळा धागा काढता येईल.

एक कामाचं सांगते, विषय निघालाच आहे तर. डोक्याला मुका मार लागला आणि वरून काही दिसत नाही म्हणून लोक घरी नेऊन झोपवतात. परत परत उलटी, गुंगी, विचित्र बडबड, एक बाजू ढिली पडणं, डोकेदुखी वाढत जाणं, यातलं काही असेल तर रात्री तीन वाजले तरी आणा, सकाळची वाट बघू नका.

निगडीकर

रात्रपाळी ताई हे मी पिन करायला सांगतो.

मग शेवटचं, नुकसान आणि हानी पण याच गल्लीत येतात ना? वादळ आलं की जीवितहानी नाही पण मालमत्तेचं नुकसान, असं का? जीविताचं नुकसान आणि मालमत्तेची हानी का नाही?

जुनीवही

वित्तहानी आहे की, जीवित आणि वित्तहानी असं जोडीने लिहितातच. पण तुमचं निरीक्षण चांगलंय, हानी समासात राहते आणि नुकसान सुटं फिरतं. हानी संस्कृत, सोडणं, टाकणं या धातूवरून, म्हणजे हातातून सुटलं ते. नुकसान अरबी, मूळ अर्थ कमी होणं, घट. त्याच मुळातून हिंदीतलं नुक्स काढणं येतं, म्हणजे कुठे कमी आहे ते दाखवणं. मराठीतला तोटा तुटण्यावरून. हे सगळे शब्द आधी हिशोबातले, काहीतरी कमी पडलं, आणि मग त्यांचा अर्थ वाईट झालं असा झाला. इजा त्या घरातली नाही, ती पहिल्यापासूनच त्रासाची. म्हणून नुकसानीची भरपाई होते, नुकसानभरपाई हा शब्दच आहे, इजाभरपाई नाही. हात मोडला तरी पैसे मिळतात ते नुकसानभरपाई म्हणूनच.

कोणाला स्वतः बघायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ऑनलाइन आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती, त्यात शब्दापुढे तो अरबी, फारशी की संस्कृत त्याची खूण दिलेली असते. एक शब्द बघायला जाल आणि तास घालवाल.

हळदवाला

नुकसान शहरात. आमच्याकडे नुस्कान. "अवकाळीनं लई नुस्कान केलं" असंच बोलतात, तलाठी पंचनाम्यात नुकसान लिहितो.

मडगांवचो

आणि गोव्यात लुकसाण, न चा थेट ल केला आम्ही. जखमेला कोंकणीत घाय, मराठीत घायाळमध्ये तो अजून दिसतो, हिंदीत घायल. आजोबा डिचोलीचे, घरात मराठी आणि बाहेर कोंकणी, ते "घाय जालो" म्हणायचे आणि शाळेत मास्तर तेच "जखम झाली" लिहायला लावायचे. इजा बिजा तिजा आमच्या घरातही आहे पण आजी तिजा हा शब्द उच्चारायची नाही, "इजा जाली, बिजा जाली" म्हणून थांबायची आणि लगेच एक नारळ फोडायला लावायची. मग त्याचं खोबरं संध्याकाळच्या कढीत.

चहाबाज

नारळ फोडणं परवडतं, मडक्यात काही खायला मिळत नाही.